पैसे भरून रात्रपाळी

"म्हणजे विमानाचं तिकीट तुझं, वर आठवड्याला काहीशे डॉलर फी तुझी, आणि बदल्यात काय, तर रात्रभर पावसात वाळू तुडवायची. आमच्याकडे याला शिक्षा म्हणतात गो."

गुहागरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मामा थंडीच्या दिवसांत कासवमित्रांबरोबर पहाटे किनाऱ्यावर जातात. भाची फ्लोरिडात संख्याशास्त्र शिकते. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या एका छोट्या कासव कॅम्पवर स्वयंसेवक म्हणून जायचा तिचा बेत आहे. डिसेंबरात घरी आल्यावर तिने तो मामांना सांगितला आणि वादाला तोंड फुटलं.

"शिक्षा असती तर इतके लोक अर्ज करत बसले नसते."

"अर्ज काय, लोक कशालाही करतात. तिथे तुझी गरज आहे का, ते सांग."

गरज आहे की नाही, हे ठरवायला आधी काम काय असतं ते पाहावं लागतं. त्या किनाऱ्यावरचं सर्वांत नावाजलेलं ठिकाण म्हणजे तोर्तुगेरो. गावाला रस्ता नाही. कालव्यांतून होडीने जायचं, नाहीतर लहान विमानाने. कोकणातल्या माणसाला पावसाचं कौतुक सांगू नये, पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालवे आणि जंगल, मध्ये पस्तीसेक किलोमीटर काळ्या वाळूची पट्टी. जुलै ते ऑक्टोबर या पट्टीवर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात, चांगल्या वर्षी घरट्यांची संख्या लाखाच्या वर जाते. पश्चिम गोलार्धात या कासवांची एवढी मोठी वीण दुसरीकडे कुठे नाही.

गस्तीच्या पाळ्या दोन, रात्री आठ ते बारा आणि बारा ते चार. कपडे गडद, टॉर्च बंद, अगदीच लागला तर लाल उजेड. मादी पाण्याबाहेर येताना दिसली की जिथे असू तिथे थांबायचं. तिने खड्डा खणून अंडी घालायला सुरुवात केली की मगच मागच्या बाजूने जवळ जायचं. एक जण हातमोजा चढवून वाळूत पालथा पडतो आणि पडणारं प्रत्येक अंडं मोजतो. साधारण एकशे दहा निघतात. मग कवचाची लांबी, पुढच्या वल्ह्यासारख्या पायांना धातूचे टॅग, आधीचे असतील तर त्यांचे नंबर. किनाऱ्याच्या उत्तरेकडच्या भागात दर अष्टमांश मैलावर खांब रोवलेले आहेत, त्यातला कितवा खांब जवळ, तेही वहीत लिहायचं. चाळीस खांबांची ही वाट अंधारात पुन्हा पुन्हा तुडवायची.

"यातलं कुठलं काम गावातला पोरगा करू शकत नाही?" मामांनी विचारलं.

"सगळं करतो. माझ्यापेक्षा चांगलं करतो."

"मग त्याला पगार द्या. तू कशाला?"

"पगार कुठून येतो, मामा? माझ्या फीतून."

सोयीचं उत्तर होतं आणि खरंही होतं. संशोधनाला मिळणारं अनुदान दोन-तीन वर्षांत संपतं. कासवाला प्रौढ व्हायला मात्र दोन-तीन दशकं लागतात आणि एकदा अंडी घालून गेलेली मादी परत यायला दोन ते चार वर्षं घेते. तेवढी वाट पाहणारा दाता विरळा. फी भरणारे हौशी लोक हा या अडचणीवरचा जुना तोडगा आहे. 'अर्थवॉच' ही संस्था १९७१ पासून याच पायावर उभी आहे.

पण मामांनी लगेच २०२० काढलं. त्या मार्चमध्ये कोस्टा रिकाने परदेशी प्रवाशांसाठी सीमा बंद केल्या. लेदरबॅक कासवांचा हंगाम मार्चमध्येच सुरू होतो. कासवांना सीमा बंद झाल्याचं कोणी कळवलं नव्हतं, ती आली. आले नाहीत ते फी भरणारे. जगभरातल्या अशा कॅम्पांचं उत्पन्न त्या वर्षी आटलं. "तुझ्या फीवर त्या पोराचा पगार असेल, तर तुझा व्हिसा अडला की त्याची चूल अडली. हा आधार म्हणायचा की टांगती तलवार?"

"आणि फी नसती तर? चूल मुळात पेटली तरी असती का?"

यावर मामांनी विषय बदलला नाही, खंड बदलला. टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठी गोंबे इथे जेन गुडाल यांनी १९६० मध्ये चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. पुढे तिथे परदेशी विद्यार्थ्यांची ये-जा वाढली. मे १९७५ मध्ये सरोवरापलीकडच्या झाईरमधून आलेल्या बंडखोरांनी चार विद्यार्थ्यांचं अपहरण केलं. ते पुढे सुटले, पण परदेशी विद्यार्थ्यांचा तिथला मुक्काम संपला. संशोधन मात्र बंद पडलं नाही. टांझानियाचेच क्षेत्र सहायक रोज जंगलात जात राहिले, चिंपांझींच्या मागे फिरत राहिले, नोंदी लिहीत राहिले. गोंबेच्या नोंदींना आज जी सलगता आहे, ती त्यांच्यामुळे.

"पुस्तकांवर फोटो कोणाचे असतात?" मामा म्हणाले. "आणि पाहुणे निघून गेल्यावर वही कोणाच्या हातात राहिली?"

भाचीने हे मान्य केलं, पण अर्धंच. वही कोणाच्या हातात आहे याइतकंच त्या वहीत काय लिहायचं हे कोणी ठरवलं, यालाही महत्त्व आहे असं तिचं म्हणणं. गोंबेच्या सहायकांना शिकवलेली पद्धत नसती तर त्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या नसत्या. तिने आर्ची कार यांचं नाव घेतलं. ती ज्या राज्यात शिकते, तिथल्याच फ्लोरिडा विद्यापीठातले हे प्राणिशास्त्रज्ञ. १९५५ पासून त्यांनी तोर्तुगेरोला कासवांना टॅग लावायला सुरुवात केली. तेव्हा त्या किनाऱ्यावर माणसांचे पट्टे वाटून दिलेले असत. आपापल्या पट्ट्यात वर आलेली मादी उलटी पाडून ठेवायची, होडी येऊन ती घेऊन जायची, हा धंदा. कार यांचे पहिले टॅग तारेने कवचाच्या कडेला बांधलेले होते. समागमाच्या वेळच्या घासाघाशीत ते तुटून पडू लागले. मग त्यांनी गुरांच्या कानात मारायचे बिल्ले आणले आणि ते पुढच्या पायांना लावले. ते टिकले. टॅग परत पाठवणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

गुरांचे बिल्ले ऐकून मामा खुलले. "आपलं ०३२३३ तसंच की!"

तो नंबर गुहागरात बऱ्याच जणांना पाठ आहे. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीला हा टॅग लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, या समजाला त्या चिमूटभर धातूने तडा दिला. श्रीलंकेला वळसा घालून ती आली की पाल्कच्या सामुद्रधुनीतून, हे तिचं तिलाच ठाऊक.

"बघ," भाची म्हणाली, "कोणीतरी ओडिशात कंटाळवाणं काम नीट केलं, म्हणून तुला इथे तो नंबर वाचता आला."

"आणि इथे पहाटे उठून वाचणारा होता म्हणून त्या कामाचं चीज झालं. बरं, तुझ्या त्या कार यांचे टॅग परत कोणी पाठवले?"

मामांना उत्तर माहीत असावं, कारण विचारताना ते हसत होते. तोर्तुगेरोचे परत आलेले बहुतेक टॅग निकाराग्वाच्या किनाऱ्यावरून आले. तिथले मिस्किटो मच्छीमार हिरवी कासवं पकडून खातात, विकतात, पिढ्यानपिढ्या. अंडी घालून गेलेल्या माद्या कुठे चरायला जातात हा नकाशा जगाला मिळाला तो कासव कापणाऱ्यांच्या हातून. संवर्धनाच्या गोष्टी रंगवून सांगताना हा तपशील बहुधा गाळला जातो. तो गाळला की गोष्ट सोपी होते आणि खोटीही.

भाचीचा खरा मुद्दा पुढे होता. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने तिला कासवापेक्षा कासवांची मालिका जास्त भुरळ घालते. १९७१ पासूनच्या तोर्तुगेरोच्या नोंदी मांडून २००५ मध्ये एक शोधनिबंध आला. तीन दशकांत घरट्यांची संख्या ४१७ टक्क्यांनी वाढली, असा त्याचा निष्कर्ष. तोवर १९७० च्या वटहुकमाने आणि १९७५ च्या कायद्याने तिथे राष्ट्रीय उद्यान झालं होतं. अंडी आणि मांस यांच्याऐवजी रात्री कासव दाखवण्यावर गावाची कमाई येऊन ठेपली होती. जगभर या निबंधाचा दाखला दिला गेला. मग २०२३ मध्ये त्याच किनाऱ्याच्या आणखी लांब मालिकेवर दुसरा निबंध आला आणि त्याने सांगितलं की अलीकडच्या वर्षांत घरटी घटताहेत.

"एका हंगामाकडे बघून यातलं काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "एका वर्षी भरपूर येतात, दुसऱ्या वर्षी निम्म्याही नाहीत. चढ की उतार हे कळायला दशकं लागतात. त्या दशकांतली काही पानं माझ्यासारख्यांनी भरलेली असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये धोक्यातल्या जातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएनने हिरव्या कासवांना जगाच्या पातळीवर 'संकटग्रस्त'मधून काढून थेट 'किमान चिंता' या गटात टाकलं. त्याच वेळी तोर्तुगेरोत उतार दिसतोय. आता गस्त थांबवा म्हणणाऱ्याला काय दाखवशील? वहीच ना?"

"दर पंधरवड्याला नवा हात टेप धरणार. कोणी कवचाला घट्ट लावणार, कोणी सैल. तुझ्या मालिकेत कासव वाढतंय की स्वयंसेवक ढिला पडतोय, हे कळणार कसं?"

मामांनी आयुष्यभर प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासल्या आहेत. भाचीला हा प्रश्न मनापासून आवडला. म्हणूनच आधी प्रशिक्षण असतं, माप पुन्हा घेऊन ताडून पाहतात आणि टॅग मारायचं काम नवख्याच्या हाती देत नाहीत, असं तिने सांगितलं. स्वयंसेवकाच्या वाट्याला मोजणं, लिहिणं, ओझी वाहणं, किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक उचलणं. "मी तिथे माझी छाप पाडायला जाणार नाही. माझ्या जागी दुसरी कोणी असती तरी तोच आकडा आला असता, असं काम मला करायचंय."

या वाक्यावर थोडं थांबायला हवं, कारण स्वयंसेवकांची भरती याच्या नेमक्या उलट बाजूने होते. जाहिरातीत पिल्लू हातात धरलेली मुलगी असते. दक्षिण आफ्रिकेत तर सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायला परदेशी तरुण पैसे भरून जात. आईने टाकलेले अनाथ बछडे, असं त्यांना सांगितलं जाई. तेच बछडे मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जात, हे २०१५ च्या 'ब्लड लायन्स' या माहितीपटाने उघड केलं. जिथे पाहुण्याला प्राणी कुरवाळायला मिळतो, तिथे प्राण्याचं काय होतं याची चौकशी आधी करावी. अंधारात मोजणी करून चिखलाचे पाय घेऊन परतणाऱ्याच्या हाती फोटो लागत नाही. कॅम्पच्या खरेपणाची ही एक बऱ्यापैकी कसोटी ठरावी.

नुसत्या चांगल्या हेतूने भागत नाही, याचं कार यांच्याच काळातलं उदाहरण आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या विमानांतून तोर्तुगेरोची अंडी आणि पिल्लं कॅरिबियनमधल्या इतर किनाऱ्यांवर नेली, तिथे नव्या वसाहती वसतील या आशेने. वसल्या नाहीत. विमानं होती, पैसा होता, जगातला सर्वांत जाणता माणूस बरोबर होता.

यानंतर मामांनी जे नाव घेतलं, त्याने वादातली गंमत संपली.

हाइरो मोरा सान्दोवाल. वय २६, कोस्टा रिकाच्या लिमोन प्रांतातलाच मुलगा. मोईन बंदराजवळच्या किनाऱ्यावर तो लेदरबॅकची अंडी राखत असे. रात्री घरटी शोधायची, अंडी उचलून सुरक्षित जागी न्यायची. तिथे अंडी चोरून विकणारे होते. बारमध्ये ती पौरुष वाढवणारी म्हणून खपतात. त्याच किनाऱ्यावर अमली पदार्थांच्या वाहतुकीची माणसंही वावरत. ३० मे २०१३ च्या रात्री तो चार परदेशी तरुणींबरोबर गस्तीला निघाला. तिघी अमेरिकन, एक स्पॅनिश, सगळ्या स्वयंसेवक. वाटेत टोळीने गाडी अडवली. चौघींना एका पडक्या घरात डांबलं, त्या कशाबशा सुटल्या. हाइरोचा मृतदेह सकाळी वाळूवर सापडला. पहिल्या खटल्यात, २०१५ मध्ये, आरोपी खुनाच्या आरोपातून सुटले. फेरखटल्यात, २०१६ मध्ये, चौघांना शिक्षा झाली.

"चौघी आपापल्या देशात परत गेल्या," मामा म्हणाले. "जायलाच हवं होतं. पण त्याचं घर तिथेच होतं. धमक्या देणाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक, गाव ठाऊक. तुझ्यासारखीला संकट पंधरा दिवसांचं. त्याला जन्माचं."

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गस्त असली की अंडी कमी चोरीला जातात, हे खरं आहे. चार माणसं चालत असली की चोर दुसरीकडे वळतो. माझ्या असण्याचा तोही एक उपयोग आहे, असं मी धरून चालले होते."

"आहेच उपयोग. पण ती ढाल आहे की ओझं, हे त्या रात्रीवर सोडायचं नसतं. पोलिस बरोबर आहेत की नाहीत, हे दिवसा उजेडी ठरवायचं."

इथे मामांचं पारडं जड झालं खरं, पण ते लगेच स्वतःच्याच युक्तिवादात अडकले. गावाच्या हातात कारभार दिला की सगळं सुरळीत होतं, असं त्यांना म्हणायचं होतं. पुरावा म्हणून त्यांनी वेळासचं नाव घेतलं. मंडणगड तालुक्यातल्या या गावात 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी काढणाऱ्या गावातल्याच माणसांनी राखणीचं काम हाती घेतलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणारी माणसं गावातल्या घरांतून जेवू-राहू लागली.

"पाहुण्यांच्या पैशावर!" भाचीने शब्द पकडला. "मग माझ्या फीने काय घोडं मारलंय?"

मामा हसले. "पाहुणा पिल्लू बघतो आणि जातो, कासव कसं राखायचं ते शिकवत नाही. आणि मुंबई-पुण्याहून येतो, दोन महासागर ओलांडून नव्हे."

"मी फ्लोरिडाहून जाणार आहे, मामा. मधे फक्त कॅरिबियन आहे."

भूगोलाच्या या टोल्याला उत्तर नव्हतं. मग तिनेच ओस्तिओनाल काढलं. कोस्टा रिकाच्या दुसऱ्या, प्रशांत महासागराच्या बाजूचं हे गाव. तिथे ऑलिव्ह रिडले एकेकट्या येत नाहीत, काही रात्रींत हजारोंच्या संख्येने किनारा व्यापतात. आधी आलेल्या माद्यांची घरटी नंतरच्या उकरतात, अंडी फुटतात, सडतात. म्हणून १९८७ पासून तिथल्या गावकऱ्यांच्या संघटनेला पहिल्या ३६ तासांतली अंडी कायदेशीर गोळा करून विकायची मुभा आहे. त्या बदल्यात किनारा साफ ठेवायचा, चोरांना हाकलायचं, पिल्लांना गिधाडांपासून जपायचं. गुहागरात एक घरटं वाचावं म्हणून पहाटे उठणारे मामा हे ऐकून भडकतील, असा तिचा अंदाज होता.

"बरोबर करतात," मामा म्हणाले. "आपल्याकडे कासव एकटं येतं, अंडी विकली तर उरेल काय? तिथे तशीही फुटणारच आहेत. गावाला हक्क दिला म्हणून गाव राखतंय."

"पण पहिल्या ३६ तासांतलीच का, हे कोणीतरी मोजल्याशिवाय कळलं असतं? आणि कायदेशीर अंड्यांच्या आडून चोरीची अंडी बाजारात येत असतील तर ते कोण मोजणार?"

"मोजणारे हवेतच. मी कुठे नाही म्हणतो? मोजणारा आज आला, उद्या गेला, अशाने भागत नाही एवढंच."

"मग मी पाच वर्षं दर उन्हाळ्यात गेले तर?"

मामांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मुलगी गंमत करत नव्हती.

त्यानंतर दोघांनी मिळून कॅम्पला पाठवायचं पत्र लिहिलं. इंग्रजी तिचं, प्रश्न बहुतेक मामांचे. रात्रीच्या गस्तीबरोबर पोलिस किंवा तटरक्षक असतात का? वर्षभर पगारावर असलेली गावातली माणसं किती, आणि फीतला किती हिस्सा त्यांच्याकडे जातो? स्वयंसेवक आले नाहीत तर गस्त चालू राहते का? नोंदी कुठे जमा होतात, आणि त्या गावातल्या कोणाला पाहता येतात का? शेवटचा प्रश्न भाचीचा होता. नोंदी तपासण्याच्या कामात संख्याशास्त्र येणाऱ्या माणसाचा उपयोग असेल, तर तेवढं काम फ्लोरिडात बसून, सुट्टीनंतरही, करू द्याल का?

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पगारी माणसांची संख्या होती, पोलिसांची गस्त काही रात्री असते असं होतं, शेवटच्या प्रश्नाला उत्साहाने होकार होता. फीच्या हिश्श्याबद्दल एक गुळमुळीत परिच्छेद होता. स्वयंसेवक आले नाहीत तर काय, याचा उल्लेखच नव्हता.

"परत विचार," मामा म्हणाले. "आणि 'काही रात्री' म्हणजे कुठल्या, तेही विचार. फी त्यानंतर भर."

भाचीने लॅपटॉप पुन्हा उघडला. फी भरायची मुदत जानेवारीअखेर होती.